वाचणाऱ्याच्या वेगानं

मराठी वाक्याचा सगळा जीव शेवटच्या शब्दात असतो. ‘हे औषध जेवणाआधी घ्यायचं’ एवढं व्हिडिओवरच्या एका कॅप्शनमध्ये आलं आणि ‘नाही’ दोन सेकंदांनी पुढच्या कॅप्शनमध्ये उतरलं, तर मधल्या वेळात वाचणाऱ्यानं नेमका उलटा सल्ला घेतलेला असतो. ऐकणाऱ्याला हा धोका नसतो. ‘घ्यायचं’च्या सुरातच पुढे ‘नाही’ येणार हे कानाला कळतं. वाचणाऱ्याला सूर मिळत नाही, समोर असेल तेवढीच ओळ मिळते. त्यामुळे व्हिडिओ कॅप्शनला घेतला की फॉन्ट, रंग, सावली यांच्या आधी मी वाक्यं कुठे तुटतायत ते बघते. ‘नाही’, ‘नको’, ‘नये’, ‘तर’ हे शब्द आपापल्या वाक्याला धरून आहेत ना, हे सगळ्यात आधी तपासते.

हे माझं रोजचं काम आहे. मुंबईतली काही छोटी मराठी चॅनेलं आहेत, एक पाककृतींचं, एक डॉक्टरबाईंचं, एक बाजार आणि जुन्या वस्त्या फिरून दाखवणारं. त्यांचे रील्स आणि लांब व्हिडिओ माझ्याकडे येतात. बोलणं ऐकायचं, उतरवायचं, त्याचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला वेळ लावायची आणि मग अक्षराचं रूप ठरवायचं. यातलं शेवटचं सोडून बाकीचं काही वरून दिसत नाही, म्हणून ग्राहक बोलतात तेही रंगरूपाबद्दलच. ‘जरा पिवळं करा ना’, ‘शब्द नाचवा’, ‘सध्या चालतेय ती स्टाइल द्या’. मला मात्र या कामात सगळ्यात मोलाचं वाटतं ते तुकडा योग्य जागी पाडणं.

‘दादरच्या’ एका ओळीत आणि ‘फुलबाजारात’ दुसरीत असं मी करत नाही, कारण ‘च्या’वर डोळा लटकतो आणि दादरचं काय ते कळेपर्यंत थांबावं लागतं. ‘पावसाळ्याच्या’ आणि ‘आधी’ यांची ताटातूट नको. ‘सांगून ठेवते’, ‘खाऊन टाकलं’, ‘बसून राहिला’ ही क्रियापदं अखंड हवीत. नाव आणि आडनाव एकत्र. आकडा आणि त्याचं माप तर एकत्र हवंच हवं. ‘२’ वरच्या ओळीत आणि ‘चमचे’ खाली गेलं, की हाताला पीठ लागलेली बाई कोपरानं व्हिडिओ मागे ढकलत बसते.

यंत्राला आपोआप तुकडे पाडायला सांगितलं तर ते अक्षरं मोजतं. इंग्रजी सबटायटलांच्या जगात रुळलेलं एक माप आहे: एका ओळीत ४२ अक्षरं, एका वेळी दोन ओळी, आणि एक तुकडा फार तर ७ सेकंद. फोनच्या उभ्या पडद्यावर एवढी लांब ओळ मावत नाही ही एक अडचण. दुसरी अडचण आपल्या लिपीची. ‘विद्यार्थ्यांनी’ हा शब्द डोळ्याला ४ अक्षरांचा दिसतो: वि, द्या, र्थ्यां, नी. संगणकाच्या लेखी त्यात १५ चिन्हं आहेत, कारण प्रत्येक वेलांटी, काना, अनुस्वार आणि जोडाक्षरातला न दिसणारा हलन्त तो सुटा मोजतो. म्हणून जोडाक्षरांनी गच्च भरलेलं वाक्य यंत्र उगाचच लवकर तोडतं, आणि ‘घर बघत रमत गमत’ अशी सुट्या अक्षरांची ओळ मात्र पडद्याच्या कडेला जाऊन भिडते. मी ओळ मोठ्यानं म्हणून बघते. न अडखळता एका दमात म्हणता आली तर ठेवते.

हे सगळं करताना माझ्या मनासमोर बहुतेक वेळा माझे थोरले काका असतात. ते लालबागला चाळीत राहतात. १९८२ च्या संपापर्यंत ते गिरणीत साचेखात्यात होते. साचेखातं म्हणजे कापड विणायचा विभाग, एका छपराखाली ओळीनं धडधडणारे माग. आठ तासांच्या पाळीसाठी कारखान्यात ९० डेसिबलची मर्यादा मानतात, आणि धोट्याचे माग ती सहज ओलांडायचे. तिथे बोलून काही ऐकू जात नसे. माणसं हातवारे करून आणि एकमेकांच्या ओठांकडे बघून काम भागवायची. काकांचे कान तिथेच गेले, हळूहळू गेले, आणि अशा गोंगाटानं जातात तसे वरच्या पट्टीतले आवाज आधी गेले. ‘साठ’ म्हटलं की ‘आठ’, हे त्यांना ऐकून सांगता येत नाही. ओठ वाचायची गिरणीतली सवय मात्र अजून पक्की आहे. समोर बसून बोललं की गप्पा छान रंगतात.

फोनवर ती सवय चालत नाही. रीलमध्ये चेहरा दीड-दोन सेकंद दिसतो, मग कढई, मग भाजीची गाडी, मग पुन्हा चेहरा. आवाज चालू राहतो आणि ओठ गायब होतात. हे मला काकांच्या शेजारी बसून व्हिडिओ बघितल्यावर कळलं, तोपर्यंत कधी लक्षातही आलं नव्हतं. शिवाय कॅप्शनची पट्टी नेमकी हनुवटीवर आणि तोंडावर बसवायची पद्धत पडली आहे, कारण खाली अकाउंटचं नाव आणि मजकूर येतो, उजवीकडे लाइक-शेअरची बटणं येतात, आणि मधे मोकळी जागा दिसते ती चेहऱ्याची. म्हणजे अर्धं ऐकू येणारा माणूस ओठांचा आधार घेऊ बघतो, तर आपण तोच आधार झाकतो. मी पट्टी गळ्याच्या खाली, छातीपाशी ठेवते. तिथे ती बटणांच्या वरही राहते आणि ओठही मोकळे राहतात. एखाद्या शॉटमध्ये चेहरा फारच खाली असेल तर तेवढ्यापुरती वर डोक्यापाशी नेते.

काकांसारखे किती असतील? २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व नोंदवलेल्यांची संख्या ५० लाखांच्या वर आहे. उतारवयात कान मंद झालेली कितीतरी माणसं स्वतःला अपंग म्हणवूनच घेत नाहीत. वांद्र्याला रेक्लमेशनजवळ अली यावर जंग संस्था १९८३ पासून वाचा आणि श्रवण या विषयात काम करते आहे. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात कर्णबधिर मंडळी ठरवून एकत्र येतात, हातांनी गप्पा मारत जातात. एका प्लॅटफॉर्मवरून समोरच्या प्लॅटफॉर्मवर, मधले रूळ ओलांडून, त्यांचं बोलणं चाललेलं मी कितीदा पाहिलं आहे. आपल्याला ते ओरडूनही जमणार नाही. त्याच गाडीच्या बाकीच्या डब्यांत धड कानांची माणसं आवाज बंद करून व्हिडिओ बघत असतात, कारण इयरफोन घरी राहिले, किंवा शेजारच्याच्या अंगावर आवाज नको.

ग्राहक कॅप्शन मागतात ते या दुसऱ्या माणसांसाठी. पण या दोघांची गरज सारखी नाही. आवाज बंद ठेवणाऱ्याला एखादा शब्द निसटला तर तो घरी जाऊन ऐकेल. काकांना तो शब्द कधीच मिळणार नाही. काकांना पुरेल असं काम केलं तर गाडीतल्या माणसाचं काही बिघडत नाही, उलट्या बाजूनं केलं तर काकांचं बिघडतं. त्यामुळे कुणासाठी लिहायचं याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

टीव्हीवर कॅप्शनची सुरुवात झाली तीही ऐकू न येणाऱ्यांसाठीच. १९७२ साली अमेरिकेत बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच केंद्रानं ज्युलिया चाइल्ड यांचा स्वयंपाकाचा कार्यक्रम कॅप्शनसकट दाखवला. अक्षरं चित्रावरच उमटवलेली होती, सगळ्यांना दिसणारी. हवी तेव्हा चालू-बंद करता येणारी कॅप्शन तिकडे १९८० पासून नियमित आली, आणि त्यासाठी घरी वेगळा डबा आणून टीव्हीला जोडावा लागे. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात टीव्हीच्या कार्यक्रमांना सांकेतिक भाषेचा दुभाषा किंवा सबटायटल असावीत, असं म्हटलं आहे. पण काका टीव्ही केव्हाच बघेनासे झाले. त्यांचं जग आता नातवानं घेऊन दिलेल्या फोनमध्ये आहे, आणि तिथे कॅप्शन द्यायचं की नाही हे व्हिडिओ करणाऱ्याच्या मर्जीवर आहे.

आपल्या देशातला एक प्रयोग मला या सगळ्यात फार जवळचा वाटतो. अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारी यांना १९९६ च्या सुमाराला सुचलं की हिंदी गाण्याखाली हिंदीतच शब्द द्यावेत, गुजराती गाण्याखाली गुजरातीत. १९९९ मध्ये अहमदाबाद दूरदर्शनवर गुजराती गाण्यांच्या कार्यक्रमात ते आलं, नंतर ‘चित्रहार’ आणि ‘रंगोली’तही आलं. हेतू असा, की शाळा अर्धवट सुटलेल्यांना पाठ असलेल्या गाण्यातून वाचायची सवय लागावी. तिथे गाण्याची पूर्ण ओळ आधी दिसायची आणि गायक जसजसा गाईल तसतसा शब्दांवरून रंग पुढे सरकायचा. ओळ जागची हलायची नाही. वाचणारा थोडा मागे राहिला तरी त्याला मागचा शब्द तिथेच सापडायचा.

आता रील्समधली सध्याची पद्धत बघा. पडद्याच्या मधोमध एकच शब्द टपकन येतो, फुगतो, हिरवा होतो आणि जातो. पुढचा येतो. बोलणाऱ्यानं वेग वाढवला की शब्द एकमेकांच्या अंगावर पडतात. ज्याला आवाज ऐकू येतोय त्याला यात मजा येते, कारण त्याला वाचायचं नसतंच, शब्दाचा ठेका बघायचा असतो. काकांना असा एक व्हिडिओ मी दाखवला तेव्हा ते म्हणाले, ‘अगं, एक वाचेपर्यंत तीन गेले. वाक्य काय होतं?’ खरं आहे, वाक्य कुठेच नव्हतं. मराठीत तर हे आणखी जाचतं, कारण क्रियापद येईपर्यंत आधीचे सगळे शब्द वाचणाऱ्याला डोक्यात धरून ठेवावे लागतात. हलतं काहीतरी हवंच असेल तर मी ग्राहकाला कोठारींचा मार्ग सुचवते. दोन ओळी पूर्ण दाखवायच्या, त्या बोलणं संपेपर्यंत ठेवायच्या, आणि चालू शब्दावर फक्त रंग फिरवायचा. तरुण मुलांनाही ते आवडतं. दोन तुकड्यांच्या मधे मी दोन फ्रेमांची फट ठेवते. ती दिसत नाही, पण मजकूर बदलला हे डोळ्याला जाणवतं.

आणि अक्षराअक्षरानं टाइप होणारी कॅप्शन मराठीला मुळीच लावू नयेत. इंग्रजीत एकेक अक्षर येत गेलं तर काही तुटत नाही. आपल्याकडे ‘क्षमा’ लिहिताना आधी ‘क’ येतो, मग पाय मोडलेला ‘क्’, मग अचानक ‘क्ष’. ‘किती’ची वेलांटी ‘क’च्या नंतर उगवते आणि त्याला बाजूला सारून आधी जाऊन बसते. प्रत्येक शब्द डोळ्यांदेखत मोडतो आणि जुळतो.

एडिटिंगचे काही प्रोग्रॅम तर वेलांटी कायमचीच अक्षराच्या मागे ठेवतात, जोडाक्षरं फोडून दाखवतात. त्यांच्या सेटिंगमध्ये मजकुरासाठी दक्षिण आशियाई आणि मध्यपूर्वेच्या लिप्यांचा पर्याय असतो, तो निवडला की देवनागरी सरळ होते. कितीतरी एडिटरांना हा पर्याय माहीत नसतो आणि ते मराठी मजकूर दुसरीकडे लिहून त्याचं चित्र चिकटवत बसतात. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या दिवशी सांगायला हवं.

फॉन्टबद्दल मी जरा हट्टी आहे, आणि मुंबईत राहून तसं असणं मला रास्त वाटतं. जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला तो याच शहरात. तिथले देवनागरी खिळे इतके नेटके होते की संस्कृत ग्रंथांसाठी तो छापखाना देशभर नावाजला गेला. विंडोजवर वर्षानुवर्षं आपण जो ‘मंगल’ फॉन्ट बघत आलो तो र. कृ. जोशींनी घडवला, त्यांचं कामही मुंबईतलंच. आजही ‘एक टाइप’ ही मुंबईची मंडळी ‘मुक्त’ आणि ‘बलू’सारखे फॉन्ट करतात आणि ते कुणालाही फुकट वापरता येतात. एवढी परंपरा हाताशी असताना ॲपनं दिलेला पहिला फॉन्ट लावून मोकळं व्हायचं, हे मनाला पटत नाही. बोलण्याच्या व्हिडिओला मी बहुतेक वेळा ‘मुक्त’ घेते, जरा जाड वजनाचा. त्याचं पोट मोकळं आहे, लहान आकारातही ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ वेगळे ओळखू येतात. ‘बलू’ गोलमटोल आणि हसरा आहे, तो मुलांच्या आणि खाण्याच्या व्हिडिओंना शोभतो. औषधाच्या व्हिडिओला नाही.

‘ल’ आणि ‘श’ बघून घ्यावे लागतात. कितीतरी फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे येतात, ‘ल’ दंडाचा आणि ‘श’ गाठीचा. मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ वापरावा, असं राज्य शासनानंही २०२२ च्या निर्णयात सांगितलं आहे. काकांनी लहानपणी शाळेत जो ‘ल’ गिरवला तो पाकळीचा. हिंदी ‘ल’ त्यांना वाचता येत नाही असं नाही, पण ज्याला आधीच ओळीमागे धावायचं आहे त्याच्या वाटेत एवढासाही खडा कशाला ठेवायचा? ‘टिरो देवनागरी मराठी’ या फॉन्टमध्ये ही वळणं मुळातच मराठी आहेत, पण तो पुस्तकी बांध्याचा आहे. हलत्या चित्रावर त्याच्या बारीक रेघा विरघळतात.

मग येतं अक्षरांमधलं अंतर. इंग्रजी मथळे ऐटबाज दिसावेत म्हणून अक्षरं लांब-लांब ठेवायची फॅशन आहे, आणि तीच सेटिंग मराठीला लावली की शिरोरेघ तुटते. शिरोरेघ तुटली की शब्द कुठे संपला हे कळायची खूणच जाते. मराठी कॅप्शनमध्ये हे अंतर शून्य ठेवावं. दोन ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त हवं, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा, रफार, अनुस्वार एकमेकांत घुसतात. जाड काळी कड हाही असाच घात करते. अक्षराभोवती कड फुगवली की अनुस्वार भरून जातो, ‘मे’ आणि ‘मै’ सारखे दिसू लागतात. मी कड पातळ ठेवते आणि अक्षरांमागे अर्धपारदर्शक काळी पट्टी घालते. ग्राहकांना ही पट्टी जुनाट वाटते. पण विसर्जनाच्या मिरवणुकीचा व्हिडिओ घ्या, मागे गुलाल उडतोय, दिव्यांच्या माळा आहेत, कुणाचा तरी पांढरा सदरा मधेच येतो. तिथे पट्टीशिवाय पांढरं अक्षर टिकत नाही. काकांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, त्यांना पिवळंही चालत नाही, पांढरं काळ्यावरच हवं. दोन माणसं बोलत असतील तर दुसऱ्याला मी फिकट पिवळा देते. बीबीसी वर्षानुवर्षं बोलणारी माणसं रंगांनी वेगळी दाखवते, आणि ती रीत उपयोगी आहे. रंगाला काम द्यायचं असेल तर हे द्यावं.

बोलण्याखेरीज आवाज असतात, त्यांच्याबद्दल फार कमी जण विचार करतात. नुसतं ‘संगीत’ लिहून कुणाला काय कळणार? पाककृतीच्या व्हिडिओत ताई म्हणतात, ‘आता ऐका, आणि मग कांदा घाला.’ काय ऐका? मोहरी तडतडायची थांबलेली असते. तो क्षण चित्रात दिसत नाही, तो फक्त कानाला कळतो. मी तिथे कंसात लिहिते, ‘मोहरीची तडतड थांबते’. कुकरची तिसरी शिट्टी, पुरणात उलथनं फिरताना जड होत गेलेला आवाज, तळणीतला पाण्याचा चरचराट, या सगळ्यात कृती असते. त्या ताईंना हे इतकं पटलं की आता त्या बोलतानाच म्हणतात, ‘तडतड थांबली, आता कांदा.’ तेव्हापासून त्या कंसाची गरजही उरली नाही. मला याचा फार आनंद झाला, कारण आता त्यांचं बोलणंच वाचणाऱ्याला धरून होऊ लागलं.

फाइलीचं तंत्र थोडक्यात सांगते. चित्रावर उमटवलेली अक्षरं सगळीकडे सारखी दिसतात, पण बघणाऱ्याला ती मोठी करता येत नाहीत आणि शोधात सापडत नाहीत. वेगळी एसआरटी फाइल दिली तर दोन्ही जमतं. ती अगदी साधी असते: तुकड्याचा क्रमांक, सुरू व्हायची आणि संपायची वेळ, मजकूर, मग एक रिकामी ओळ. फक्त यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात साठवायची, नाहीतर सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं होतात. लांब व्हिडिओला मी वेगळी फाइल देते, रील्सला उमटवलेली अक्षरं. यंत्रानं ऐकून लिहिलेला मसुदा हल्ली मिळतो आणि त्यानं हात वाचतो, हे मान्य. पण ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झालेला असतो, ‘दोन डझन’चं भलतंच काही, आणि मुंबईचं मराठी म्हणजे ‘स्टेशनला उतरून कॉल कर, मग डिसाइड करू’, त्यात ते इंग्रजी शब्द मधेच रोमन लिपीत टाकतं. मी ते देवनागरीत आणते. एका ओळीत दोन लिप्या आल्या की काकांचा वेग निम्मा होतो.

यंत्र सगळ्यात जास्त हरतं ते बोलीपुढे, आणि तिथे माणसंही हरतात. बाजारांच्या चॅनेलनं कोळीवाड्यातल्या एका मावशींचा व्हिडिओ केला. सुकट, म्हणजे सुकवलेला जवला, बारीक कोळंबी, कशी वाळवायची, कशी ओळखायची, कशी साठवायची, असा. मावशी म्हणतात, ‘जवल्याला पानी लागला का खराब होते, मना इचारा.’ मसुद्यात आलं, ‘जवळ पाणी लागलं का खराब होते, मन विचारा.’ यंत्राचं ठीक आहे, त्याला ते शिकवलेलं नाही. पण ग्राहकाचा निरोप होता, ‘मावशींचं शुद्ध करून लिहा, लोकांना कळायला हवं.’

मी तसं करत नाही. मावशींचं बोलणं शुद्धच आहे, ते त्यांच्या घरचं आहे, आणि या बेटांवर ते आपल्या सगळ्यांच्या आधीपासून बोललं जातंय. ‘मना’ ऐकू येतंय आणि खाली ‘मला’ दिसतंय, अशानं ऐकणाऱ्यालाही वाटतं की कुणीतरी त्यांना दुरुस्त करतंय. काकांसारख्याला तर मावशी कुठल्या, कशा बोलतात, हे कळायला त्या ओळीखेरीज दुसरं काहीच नाही. लालबागच्या चाळीत मालवणी, घाटावरची, कोळी, सगळी बोलणी त्यांनी कान धड असताना ऐकली आहेत. ‘मना इचारा’ वाचल्यावर त्यांना आवाज आठवतो.

पण इथे एक पेच आहे आणि तो मी टाळत नाही. जन्मापासून ऐकू न येणाऱ्यांनी कुठलीच बोली कानानं ऐकलेली नसते. त्यांची पहिली भाषा खुणांची, मराठी शाळेतल्या पुस्तकातून आलेली. त्यांना ‘मना’ म्हणजे ‘मला’ हे कुठून कळणार? अशा वाचकासाठी मी त्या तुकड्यांना जास्त वेळ देते. जवल्यासारखा शब्द पहिल्यांदा येतो तेव्हा पडद्यावर ती वस्तू दिसेल असा शॉट ग्राहकाकडून मागून घेते. आणि लांब व्हिडिओ असेल तर दोन फाइली करते, एक मावशींच्या बोलीत, एक प्रमाण मराठीत, ज्याला जी हवी ती त्यानं निवडावी. रीलमध्ये ते शक्य नाही. तिथे मी मावशींच्या बाजूनं उभी राहते.

आणखी एक गोष्ट मी अडून धरते. निवेदक मुलगा त्याच व्हिडिओत ‘पायजे’, ‘कायतरी’, ‘बोल्ले ना तुम्ही’ असं बोलतो. त्याचं सगळं ‘पाहिजे’, ‘काहीतरी’ होऊन येतं आणि मावशींचं मात्र जसंच्या तसं, असं झालं की बोली गंमत म्हणून दाखवल्यासारखी होते. म्हणून दोघांना एकच नियम. तो ‘पायजे’ म्हणाला तर ‘पायजे’च लिहायचं. ग्राहक सुरुवातीला चरकला, कारण तो निवेदक म्हणजे त्याचा सख्खा भाऊ. मग दोघा भावांनी बसून व्हिडिओ पुन्हा बघितला आणि ते तयार झाले.

अशा व्हिडिओची कॅप्शन हल्ली मी प्रसिद्ध व्हायच्या आधी बोलणाऱ्या माणसाच्या घरी पाठवते. मावशींना वाचता येत नाही, त्यांच्या सुनेनं सगळं वाचून दाखवलं. दुपारी सुनेचा फोन आला. ‘ताई, आई बोलते लिवलाय बरोबर, पन भाव कुठं गेला? मी वाट्याचा भाव बोलली होती.’ बोलल्या होत्या खऱ्या. कापाकापीत ते वाक्य उडालं होतं. मी ग्राहकाला कळवलं, त्यानं तो तुकडा शोधून परत जोडला, आणि मी त्याच्या कॅप्शनला पूर्ण तीन सेकंद दिले, भाव आकड्यात आणि ‘वाटा’ त्याच ओळीत.